मुझे राग आता है

१ जानेवारी २०१९, आर. के. पुरम, दिल्ली

संकल्प पहिला: या वर्षी चिडायचं नाही.

ही डायरी अहिल्येनं दिली. तिच्या मंत्रालयाची आहे. ती तिथे अनुवाद अधिकारी. म्हणाली, "उल्हास, राग आला की यात लिही. आमच्यावर काढू नकोस." मला राग येतच नाही, हे मी तिला बराच वेळ मोठ्या आवाजात समजावलं. शेवटी शेजारच्या क्वार्टरमधून कोणीतरी भिंत वाजवली. माणसांना नववर्षाच्या दिवशीही शांतता सहन होत नाही.

संकल्प दुसरा, आणि महत्त्वाचा: अभ्यासक्रमात नवा पेपर उभा करायचा. 'तर्कशास्त्र: तत्त्वज्ञान आणि संगणक'. आमच्या कॉलेजात तत्त्वज्ञानाला मुलं मिळत नाहीत आणि कॉम्प्युटर सायन्सला बाक पुरत नाहीत. दोघांच्या मधोमध फॉर्मल लॉजिक उभं आहे आणि कोणाला दिसत नाही. आपण ज्याला सिद्धता म्हणतो त्यालाच ते लोक प्रोग्रॅम म्हणतात. एकाच घराला दोन दारं. मी ती उघडणार.

मार्चमध्ये कमिटी आहे. पेपर मंजूर झाला तर लॉजिक वाचलं, मी वाचलो. नाही तर लॉजिक बंद आणि मला 'व्यक्तिमत्त्व विकास'. प्रिन्सिपॉल हे हसत हसत बोलले. हसण्यासारखं काय होतं?

४ जानेवारी

पेपर शिकवायला जोडीदार हवा. कॉम्प्युटर सायन्सची मीनाक्षी. तरुण आहे, हुशार आहे (मला जितकी लागते तितकी). गुडगावहून येते, म्हणजे उशिरा येते.

आज तिची वाट बघत स्टाफरूममध्ये बसलो. चहा दोनदा निवला. ती आल्यावर अत्यंत संयमानं, स्वच्छ हिंदीत सांगितलं, "मीनाक्षी जी, लोग देर से आते हैं तो मुझे राग आता है."

तिचा चेहरा उजळला. "अरे वाह सर! कौन-सा?"

म्हटलं, कौन-सा म्हणजे? म्हणाली, "मतलब, सुबह वाला या शाम वाला?" म्हटलं, सुबह, शाम, कभी भी आता है. म्हणाली, "सर, आप तो छुपे रुस्तम निकले!"

दुपारपर्यंत तिघांनी विचारलं, ॲन्युअल डेला गाणार का.

घरी नीलाला सांगितलं. वय वर्षं बारा, पोट धरून हसत होती. "बाबा, हिंदीत राग म्हणजे सा रे ग म वाला. तू गुस्सा म्हणायचं ना, यार." मुलगी बापाला यार म्हणते. दिल्लीत येऊन सहा वर्षांत हे कमावलं.

यातून एकच निष्कर्ष निघतो: बोलीभाषा सडक्या असतात. म्हणून तर फॉर्मल लॉजिक. P ला मराठीत P म्हणतात, हिंदीतही P च. चिन्ह कधी दगा देत नाही.

७ जानेवारी

घरच्यांना लॉजिकची सवय लावायचं ठरवलं. अहिल्येनं सकाळी विचारलं, "चहा की कॉफी?"

मी म्हणालो, "हो."

दोन्हींपैकी किमान एक, एवढंच विधान आहे. ते सत्य आहे. म्हणून हो. 'की' आणि 'किंवा' यांत मराठी माणूस जो फरक करतो तो फार सुंदर आहे, हे मी पुढे सांगणार होतो. ती ऐकायला थांबली नाही. नवाची चार्टर्ड बस पकडून ऑफिसला गेली.

चहा मिळाला नाही. कॉफीही नाही. म्हणजे माझं विधान असत्य ठरलं, तेही तिच्यामुळे.

१४ जानेवारी

महाराष्ट्र मंडळाच्या बसनं पानिपतला, काला अंबच्या युद्धस्मारकाला. दर वर्षीप्रमाणे. थंडी कडाक्याची, धुकं इतकं की ड्रायव्हर अंदाजानं हरियाणात शिरला.

बसमध्ये दर वर्षीचा विषय. अमुक वेळेवर आला असता तर. रसद पोचली असती तर. बायकामुलं बरोबर नसती तर. सोनिपतपर्यंत ऐकून घेतलं. मग उभा राहिलो आणि म्हणालो, मंडळी, लॉजिकचा नियम असा आहे की 'जर'च्या पुढचं असत्य असलं की 'जर-तर'चं अख्खं वाक्य आपोआप सत्य होतं. रसद पोचली असती तर आपण जिंकलो असतो, हे सत्य. रसद पोचली असती तर आपण हरलो असतो, हेही सत्य. रसद पोचली असती तर पुढच्या सीटवरचे आपले भाऊसाहेब बॅले डान्सर झाले असते, हेसुद्धा सत्य. तेव्हा चर्चा व्यर्थ आहे.

भाऊसाहेब रेल्वे बोर्डातून रिटायर झालेले, मंडळाचे आधारस्तंभ. कानटोपी मागे सारत म्हणाले, "मास्तर, तुम्ही पानिपतावर असता ना, तर लढाई दुपारपर्यंतसुद्धा चालली नसती. आपलेच लोक तुम्हाला सोडून पळाले असते."

विधान माझ्याच नियमानं सत्य आहे, हे मला मान्य करावं लागलं. बस हसली. माझ्या विरोधात का असेना, लॉजिक त्यांना पटलं हा माझा विजय.

परतीच्या वाटेवर तिळाचे लाडू वाटले. डबा माझ्या सीटवरून पुढे गेला. अहिल्येनं तिच्यातला अर्धा दिला. नको म्हणालो. मग खाल्ला.

२२ जानेवारी

वर्गात अनुमान शिकवलं. डोंगरावर धूर दिसतो, म्हणून तिथे आग असली पाहिजे. हजारो वर्षांचं घासूनपुसून घेतलेलं उदाहरण. मागच्या बाकावरचा म्हणतो, "सर, यहाँ तो नवंबर से धुआँ है. आग कहाँ है?" सगळे खिडकीबाहेर बघायला लागले. बाहेर काही दिसत नव्हतं, समोरची लायब्ररीसुद्धा.

दिल्लीत प्राचीन न्यायशास्त्र शिकवणं अशक्य आहे. प्रदूषण मंडळाला पत्र लिहिणार.

२ फेब्रुवारी

पेपर कसा होईल ते बघण्यासाठी मीनाक्षीनं दोन्हीकडची मुलं शनिवारी एकत्र बोलावली. तिच्याकडे एक प्रोग्रॅम आहे, तो सिद्धता तपासतो. म्हणाली, "सर, आप कोई भी दीजिए." मी अगदी सोपं दिलं. सर्व विद्यार्थी हुशार आहेत. म्हणून काही विद्यार्थी हुशार आहेत. तत्त्वज्ञांनी हे कित्येक शतकं निमूट मान्य केलं.

पडद्यावर लाल रेघ. मशीननं नाकारलं.

मी चिडलो. म्हणजे आवाज चढला. म्हणालो, तुमचं मशीन बिघडलंय. मुलं खूष. मीनाक्षी शांतपणे म्हणाली, "सर, मशीन गलत नहीं कह रही, पूछ रही है. अगर क्लास में एक भी स्टूडेंट न हो तो?"

मी तिच्याकडे बघत राहिलो. वर्गात एकही विद्यार्थी नसेल तर. हा प्रश्न मशीनला कोणी सांगितला? मी तर घरीही बोललो नव्हतो.

मग सांगायला लागलो. जुन्या लोकांनी 'सर्व' म्हणताना निदान एक तरी आहे असं न बोलता धरलं होतं. कोणाबद्दल बोलतो आहोत ते अस्तित्वात आहे, हा विश्वास. मशीनकडे तो विश्वास नाही, त्याला प्रत्येक वेळी सांगावं लागतं. बरोबर कोण? तास संपला तरी कोणी उठेना. कॉम्प्युटरची मुलं तत्त्वज्ञानाच्या मुलींशी भांडत होती, रिकाम्या वर्गावरून. मीनाक्षी फळ्याजवळ येऊन म्हणाली, "सर, बस यही. यही चाहिए पेपर में. मैं अकेली ये नहीं पढ़ा सकती."

आज चिडलो नाही. (सुरुवात सोडून.)

१० फेब्रुवारी, रविवार

गच्चीत ऊन. मटार सोलत बसलो, अहिल्या, नीला आणि मी. मी कमिटीपुढचं भाषण मनात जुळवत होतो. अध्यक्ष हिंदी विभागाच्या हेमलता मॅडम आहेत, इंग्रजी ऐकलं की त्यांच्या कपाळाला आठ्या पडतात. म्हणून भाषण शुद्ध हिंदीत. नुसतं शुद्ध नाही, तुपातलं.

अहिल्या म्हणाली, "एकदा मला म्हणून दाखव. माझं रोजचं कामच आहे ते." म्हणालो, गरज नाही, हिंदी म्हणजे काय, संस्कृत शब्द आणि शेवटी 'है'. ती मटार सोलत राहिली. जरा वेळानं म्हणाली, "बरं."

तिचं ते 'बरं' मला अजिबात आवडत नाही. त्याला चिन्ह नाही.

५ मार्च

मीनाक्षी उद्या कमिटीपुढे बरोबर येते म्हणत होती. नको म्हणून सांगितलं. दोघं बोललो की मुद्दा पातळ होतो. ती म्हणाली, "सर, पक्का?" म्हटलं, पक्का. लोकांना माझ्यावर विश्वास का ठेवता येत नाही?

६ मार्च

विजय!

कमिटीत सात माणसं आणि दोन प्लेट बिस्किटं. मी सरळ मुद्द्यावर आलो. शेवटी म्हणालो, "माननीया, मुझे इस पेपर में केवल अध्यापन नहीं, संशोधन चाहिए. गहरा संशोधन."

हेमलता मॅडमनी चष्मा काढला. "आप स्वयं संशोधन चाहते हैं?"

म्हटलं, "हृदय से."

"कितना?"

"जितना अधिक हो सके. पूरा पेपर संशोधन के लिए समर्पित है."

सगळ्यांनी एकमेकांकडे बघितलं. मॅडम म्हणाल्या, इतकी वर्षं कमिटीवर आहे, लोक आपल्या सिलॅबसमधला स्वल्पविरामसुद्धा हलवू देत नाहीत. ऐसी उदारता पहली बार देखी. पंधरा मिनिटांत ठराव, एकमतानं. प्रिन्सिपॉलनी माझा हात दाबला. मला वाटतं, त्यांचे डोळे ओलावले होते.

येताना जिलबी आणली. अहिल्येला सांगितलं, संशोधनाला मान्यता मिळाली. तिचा हात जिलबीवरच थांबला. "हिंदीत कोणता शब्द वापरलास?"

"संशोधन."

"उल्हास, हिंदीत संशोधन म्हणजे दुरुस्ती. बदल. आपण घटनादुरुस्ती म्हणतो, ते संविधान संशोधन म्हणतात. तुला हवं होतं ते अनुसंधान. शोध. तू त्यांना सांगून आलास, माझा पेपर हवा तेवढा कापा."

मी म्हणालो, ऑफिसचं काम घरी आणू नकोस. ती म्हणाली, "आत्ता फोन कर. हेमलताबाईंना सांग, चुकीचा शब्द गेला. एका मिनिटाचं काम आहे."

फोन करणार नाही. संदर्भावरून अर्थ कळतो. सात शिकलेली माणसं होती. आणि ज्या बाईला स्वतःच्या क्वार्टरच्या दारावर फक्त स्वतःचं नाव लावायला काही वाटत नाही, तिनं मला शब्द शिकवू नयेत. (हे तिला म्हणालोही. ती म्हणाली, क्वार्टर सरकारनं तिच्या नावावर दिलंय. हा मुद्दा नव्हताच.)

जिलबी थंड झाली. मीच खाल्ली.

७ मार्च

फोन केला नाही. तत्त्वाचा प्रश्न आहे.

८ मार्च

फोन केला नाही. आज महिला दिन, मॅडम कार्यक्रमात असतील. त्रास देणं बरं नव्हे.

१२ मार्च

पेपर संशोधित होऊन आला.

नाव: 'प्रोग्रामिंग के लिए लॉजिक'. तत्त्वज्ञानाचा भाग वगळला. विभाग: कॉम्प्युटर सायन्स. शिक्षक: मीनाक्षी. एकटी.

हा कट आहे. सरळ तिच्या लॅबमध्ये गेलो आणि म्हणालो, तुम्हाला हेच हवं होतं. मुलं कीबोर्ड थांबवून बघत होती. ती मला बाहेर व्हरांड्यात घेऊन गेली.

"सर, आपने खुद कहा, जितना अधिक हो सके. हेमलता मैम ने वही किया. मुझे तो कल पता चला."

मी म्हणालो, माझा शब्द बरोबर होता, भाषा चुकीची होती.

ती म्हणाली, प्रिन्सिपॉलची सही परवा आहे. उद्या आपण दोघं मॅडमकडे जाऊ. "आपको बस इतना कहना है कि शब्द गलत था. बाकी मैं बोलूँगी."

म्हटलं, मी गलत नव्हतो.

तेव्हा ती चिडली. मी तिला कधी चिडलेली बघितली नव्हती. आवाज न चढवता म्हणाली, "सर, ये पेपर मेरा भी था." आणि आत गेली.

माणसाला असं न ओरडता चिडता येतं, हे मला माहीत नव्हतं. फार अन्यायाची पद्धत आहे.

१३ मार्च

मीनाक्षी अकराला मॅडमच्या केबिनबाहेर उभी होती, असं कळलं. उशिरा आली नव्हती. मी गेलो नाही. घसा खराब होता. (सकाळपर्यंत बरा होता, मग खरोखरच बसला.)

अहिल्येनं घसा बघून हळदीचं दूध दिलं. कप परत नेताना म्हणाली, "तुझ्या लॉजिकमध्ये 'चुकलं'ला काही चिन्ह आहे का रे?"

म्हणालो, नकाराचं आहे.

"ते तुला येतं, माहितीये."

१५ मार्च

काल सही झाली. आज मी गेलो. माफी मागायलाच गेलो होतो, ही नोंद महत्त्वाची आहे. हेमलता मॅडमनी खुर्ची दिली, चहा मागवला. मी सुरुवातही केली, "मैडम, उस शब्द के बारे में..." त्या म्हणाल्या, हो हो, मीनाक्षी आली होती परवा, पण ज्यांनी मागितलं तेच मागे घेणार असतील तर त्यांनी यायला हवं ना. आणि हसून म्हणाल्या, "वैसे मराठी वाले शब्दों के साथ बड़ी मनमानी करते हैं."

त्यानंतर मला नीट आठवत नाही. धातू, उपसर्ग, मूळ संस्कृत, तुम्ही शब्द पळवलात, आम्ही जपला, असं बरंच झालं. चहा आला तेव्हा मी दाराबाहेर होतो.

माफी मनात मागितली होती. ती त्यांच्यापर्यंत पोचली नाही, हा संवादाचा दोष.

२४ मार्च

होळी झाली. नीलानं रंग लावला. चिडलो नाही, कारण बोललोच नाही.

एप्रिल, तारीख बघितली नाही

पुढच्या वर्षाचं वेळापत्रक लागलं. लॉजिकची माझी ओळ नाही. त्या जागी कोरी चौकट आहे. शिपायाला विचारलं, इथे काही लिहायचं राहिलंय का. म्हणाला, "नहीं सर, इतना ही है."

अहिल्या म्हणाली, "मीनाक्षीला फोन कर. पेपरसाठी नको. नुसता." नंबर काढला. रिंग जायच्या आत ठेवला. ती बिझी असणार.

२२ जुलै, सोमवार

नवं सत्र. मला 'व्यक्तिमत्त्व विकास' मिळालं. त्यातलं पहिलं युनिट 'क्रोध-प्रबंधन'. म्हणजे राग आवरणं. प्रिन्सिपॉल म्हणाले, सगळ्यांनी एकमतानं तुमचंच नाव सुचवलं. या वेळी हसले नाहीत, ते जास्त वाईट.

पण वर्ग भरलेला. इतकी मुलं मी कधी शिकवलीच नव्हती. काही तर भिंतीला टेकून उभी. शेजारच्या खोलीत मीनाक्षीचा पहिला तास होता. व्हरांड्यात समोरासमोर आलो. ती थांबली, मी थांबलो. तोंड उघडलं. "गुड मॉर्निंग" म्हणालो. ती म्हणाली, "गुड मॉर्निंग, सर." ती थोडा वेळ उभी राहिली, बहुतेक पुढे काही येईल म्हणून. मग घंटा झाली.

वर्गात ठरवलं, इथेही लॉजिक आणायचंच. विधान म्हणजे काय, तिथपासून. जे सत्य तरी असतं किंवा असत्य तरी, ते विधान. उदाहरण हवं. फळ्यावर मोठ्या अक्षरात लिहिलं: 'मुझे गुस्सा नहीं आता.' या वेळी शब्द अचूक होता. वळून विचारलं, बोला, सत्य की असत्य?

"असत्य!"

मी शिकवायला लागल्यापासून सगळ्या वर्गानं एका आवाजात बरोबर उत्तर दिल्याची ही पहिलीच वेळ.